दुसरी रेघ

शशीबाई कुंभोजकरांना उत्तरं बरोबर आलेली आवडत. मिरजेच्या एका प्राथमिक शाळेत आख्खी नोकरी केलेली बाई, शेवटी तिथेच मुख्याध्यापिका झालेली. "समजलं ना?" असं विचारलं की सगळ्या वर्गानं एका सुरात "हो बाई" म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या निवृत्त झाल्या, शिरस्ता काही झाला नाही. आणि नवरा तरी कसा मिळावा? उत्तर कधी चुकायचंच नाही असा. भालचंद्रराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज निम्म्या गावाला पाठ होता. कसं काय साहेब? झकास. आमटी जमलीय का? झकास. ही साडी बरी दिसते का हो? झकास.

मग एके दिवशी जेवता जेवता त्यांच्या हातातला घास ताटात पडला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले, वाचा गेली. सांगितलेलं सगळं समजायचं, बोलता मात्र यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, तिलाच मार बसलाय. पण जन्मभर तोंडात घोळलेला एखादा शब्द कधीकधी वाचतो. भालचंद्ररावांचा एक वाचला. कुठला, ते सांगायला नकोच.

तर अशा माणसाला पुनर्वसन केंद्रातल्या निलोफर मुजावरनं विचारलं, "काका, खांदा दुखतो का?"

"झकास," भालचंद्रराव हसून म्हणाले.

"बघ!" शशीबाई म्हणाल्या. "दुखत असतं तर असे हसले असते का? मी डोळ्यांत तेल घालून बघते गं त्यांचं. एवढे दिवस अंथरुणात आहेत, पण पाठीला साधा ओरखडा नाही."

"ते दिसतंयच की, काकू." निलोफर फिजिओथेरपिस्ट होती. वयानं लहान, पण तिचे हात घाई करत नसत. तिनं काकांचा सदरा उतरवला, मागं उभी राहून दोन्ही खांदे नुसते बघितले आणि डाव्या खांद्याला हात घातला.

"अगं, तो नव्हे! उजवा."

"माहितीये. आधी धडधाकट खांद्याशी ओळख करून घेते. तो कसा आहे ते कळलं की दुसऱ्याचं काय बिनसलंय ते हाताला सापडतं."

डावा खांदा झाला. मग ती उजव्याकडे आली. खांद्याच्या वरच्या हाडाखाली तिनं बोट टेकलं, आणि शशीबाईंचा हात धरून त्यांचंही बोट तिथं टेकवलं. बोट आत गेलं. तिथं खाच होती. डाव्या बाजूला तसलं काही नव्हतं.

"खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू," निलोफर म्हणाली. "बशीत काही तो आपसूक राहत नाही. भोवतीचे स्नायू त्याला आवळून धरतात. काकांचे ते स्नायूच ढिले पडलेत, म्हणून हाताच्या वजनानं चेंडू खाली घसरलाय. त्यात कुणी हात ओढला, तर सगळा ताण आतल्या नाजूक दोऱ्यांवर. त्या उसवतात मग."

तिनं काकांचं कोपर अंगालगत धरलं आणि मनगट हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवलं. भालचंद्रराव हसत होते. पण त्यांच्या वरच्या ओठावर घाम फुटला होता आणि डाव्या मुठीत चादर गोळा झाली होती. निलोफर लगेच थांबली.

"काकू, हा हात कुणीतरी ओढतंय. रोज."

शशीबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बबन! सकाळी आंघोळ घालायला येणारा तो आडदांड बबन. बोलणं मोठ्यानं, चालणं धाडधाड. भालचंद्ररावांनी डाव्या हातानं त्याला ढकललेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. घरात इतक्या शांत असलेल्या माणसानं उगाच ढकललं असेल? शशीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सिद्ध कसं करायचं ते सांग," त्या म्हणाल्या.

निलोफरनं कपाटातून एक पातळ, कातडीच्या रंगाची पट्टी काढली. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. केंद्रात सगळे तिला कळपट्टी म्हणत. ती मानेमागं चिकटवायची. दुखणं खांद्यात होतं असं आपण म्हणतो, पण खांदा नुसती वर्दी पाठवतो. दुखतं ते मेंदूत. ती वर्दी मणक्यातून वर जाते आणि मेंदूत पोचली की तिथल्या लहरींची एक ठरावीक नक्षी उमटते. ती नक्षी वाचायला हजारो माणसांच्या दुखण्यावर त्या पट्टीला शिकवलं होतं. न बोलणाऱ्या रुग्णांसाठी तर ती वाचाच होती. शिवाय हात कुणाचा लागला तेही तिला कळे. माणसाच्या अंगातून बारीकशी वीज वाहत असते, तिची लय प्रत्येकाची निराळी. स्पर्श झाला की ती लय पट्टीपर्यंत पोचते.

"पण काकू, एक सांगून ठेवते. पट्टी आठवडाभर काय टिपते ते तुम्हालाही दिसणार नाही आणि मलाही नाही. थेट केंद्राच्या वैद्यकीय मंडळाकडे जातं. कायदाच झालाय तसा. एखाद्याच्या हातून रुग्णाला सारखा त्रास होतोय असं दिसलं, तर रुग्णाला त्या हातातून काढतात. मग मी मध्ये पडून काही व्हायचं नाही."

"पडूच नकोस," शशीबाई म्हणाल्या. "लाव ती."

*

घरी रोजची रहाटी सुरू झाली. सकाळी शशीबाई कॉटसमोर उभ्या राहत, भालचंद्ररावांचे दोन्ही हात आपल्या हातात घेत आणि ओढून उभं करत. "चला, उठा! शाब्बास! दुखलं नाही ना?"

"झकास."

"असं पाहिजे!"

किती प्रेमानं ओढत होत्या म्हणून सांगू! डॉक्टरांनी 'हालचाल करून घ्या' म्हटल्यापासून त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. लुळ्या हातालाही सवय राहावी म्हणून त्यालाच जरा जास्त जोर. सदरा घालताना तोच हात वर, कूस बदलताना तोच हात पुढं. कुणी म्हटलं असतं की बाई आळस करते, तर शशीबाईंनी त्याची शाळाच घेतली असती.

मग बबन यायचा. तो आला की भालचंद्ररावांच्या कपाळाला आठ्या. तो जवळ आला की गुरगुर. साबण डोळ्यांत गेला की डाव्या हाताची एक चापट. शशीबाई दारात उभ्या राहून हे सगळं मनात टिपत होत्या, आणि आठवडा संपायच्या आधीच त्यांचा धीर सुटला.

"बबन, उद्यापासून येऊ नका."

"मी काय केलं, बाई?"

"ते पट्टी सांगेल."

बबननं टॉवेल दोरीवर टाकला आणि निघून गेला.

*

मंडळाचे प्रमुख डॉक्टर चौगुले सज्जन गृहस्थ होते. वाईट बातमी सांगताना चष्मा पुसायची त्यांना सवय होती. शशीबाई आत आल्या तेव्हा ते चष्मा पुसतच बसले होते. निलोफर खाली मान घालून कोपऱ्यात उभी. भिंतीवरच्या पडद्यावर बंगळूरहून मुलगी केतकी जोडली गेली होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

"बबनचं काय निघालं?" शशीबाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

"त्याच्या हातून काही नाही," डॉक्टर म्हणाले. पडद्यावर एक लाल रेघ उमटली. बबनच्या वेळेला ती जवळजवळ सपाट होती. पण सकाळी कॉटवरून उठवायच्या वेळेला ती सरळ वर चढली. पुन्हा खाली, पुन्हा वर. प्रत्येक चढावर नाव लिहिलेलं होतं. शशिकला कुंभोजकर.

"चुकलंय," शशीबाई म्हणाल्या. "यंत्र बिघडलंय तुमचं. ते हसतात हो माझ्यासमोर! विचारा कुणालाही!"

"हसतात ना? तेच पुढं बघायचंय." डॉक्टरांनी लाल रेघेखाली दुसरी, निळी रेघ आणली. "माणूस दुखणं दाबतो, तेव्हा मेंदूचा पुढचा भाग कामाला लागतो. चेहरा सांभाळायचा, आवाज अडवायचा, हे सगळे कष्टच असतात. ते कष्ट म्हणजे ही निळी रेघ. बाकीच्यांसमोर ती जागची हलत नाही. तुमची पावलं दाराशी वाजली, की हात लागायच्या आधीच ती वर जाते."

"म्हणजे काय?"

डॉक्टरांनी पुन्हा चष्मा काढला. "ज्याच्याकडून दुखणार हे ठाऊक असतं, त्याच्यासमोर माणूस आधीपासूनच अंग चोरतो. यंत्रानं याला धास्ती म्हटलंय. वेदना आणि धास्ती एकाच माणसाकडून, असं दिसलं की नियमाप्रमाणे रुग्णाला सुश्रूषा केंद्रात हलवायचं. पुण्याला जागा आहे. पुढच्या आठवड्यात अखेरचं ठरेल."

मग पडद्यावरून केतकीनं अगदी हळू विचारलं, "आई, बाबा तुला घाबरतात का गं?"

कुणी तोंडात मारली असती तरी शशीबाईंना इतकं लागलं नसतं. रागानं उसळून उठावं तर तेही जमेना, कारण पोरीनं विचारलं ते खोटंच आहे याची त्यांची त्यांनाच खात्री नव्हती. आपण कडक आहोत हे त्यांना ठाऊक होतं. घरात शेवटचा शब्द आपला असतो हेही ठाऊक होतं. पण भीती? ज्या माणसासाठी जिवाचं रान केलं, तो आपल्या पावलांच्या आवाजानं अंग चोरतो? आणि आपण त्याचा हात रोज उसवतोय, रोज, आणि वर शाब्बास म्हणतोय? त्या तिथंच तोंडावर पदर घेऊन रडल्या.

*

दुसऱ्या दिवशी त्या बबनच्या घरी गेल्या. चूक झाल्यावर गप्प बसायची मात्र त्यांना सवय नव्हती. बबन ओट्यावर दाढी करत होता. त्यानं बसा म्हटलं नाही.

"माझं चुकलं, बबन. तुमच्यावर नको ते खापर फोडलं."

"फोडलंत खरं." त्यानं गालावरचा फेस पुसला. "चार घरी सांगितलंत पण असणार."

"सांगितलं. आता त्या चार घरी जाऊन खरं काय ते सांगते. पण मला एक सांगा, तुमच्या हातून त्यांना दुखत कसं नाही?"

"त्यात काय सांगायचं? पहिल्याच दिवशी हाताला धरून ओढलं, तर साहेबांनी कानफटात दिली. सणसणीत! तेव्हापासून हाताला धरतच नाही. कमरेला धरतो." बबन हसला, पण शशीबाईंचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "तुम्हाला नाही दिली कधी?"

"नाही," शशीबाई म्हणाल्या. "मला कधीच नाही."

घरी येईपर्यंत तेवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

उचलायची रीत निलोफरनं शिकवली. एक हात कमरेच्या पट्ट्याला, दुसरा पाठीमागं खांद्याच्या फऱ्यावर. लुळ्या हाताला खालून आधार, ओढ अजिबात नाही. शशीबाईंनी ती शाळेतल्या कवितेसारखी घोटून पाठ केली. बबन परत यायला लागला. पहिल्या दिवशी फुगून बसला, दुसऱ्या दिवशी चहा प्याला.

*

अखेरचं ठरवायच्या दिवशी भालचंद्ररावांना चाकाच्या खुर्चीतून मंडळासमोर आणलं. मानेमागं पट्टी होतीच, आणि या वेळी रेघा उमटतील तशा सगळ्यांना दिसतील, अशा पडद्यावर होत्या; एका कोपऱ्यात केतकीही जोडलेली होती. आठवड्याचा आलेख बघून डॉक्टर चौगुल्यांचा चेहरा खुलला. लाल रेघ खाली आली होती. शशीबाईंच्या हातून आता दुखत नव्हतं.

पण निळी रेघ तशीच होती. पाऊल वाजलं की वर.

"हे मात्र चिंतेचं आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखत नाही, तरी ते दडपणाखाली आहेत. म्हणजे धास्ती खरीच म्हणायची. बाई, मला वाईट वाटतंय, पण..."

"थांबा," शशीबाई म्हणाल्या. "मला त्यांना एकदा तपासू दे. इथंच, तुमच्यासमोर. निलोफरनं कसं तपासलं ते मी बघितलंय."

डॉक्टरांनी निलोफरकडे पाहिलं. निलोफर म्हणाली, "माझा हात खाली ठेवते, सर. जास्त होऊ देणार नाही."

शशीबाई खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसल्या. त्या जवळ आल्याबरोबर पडद्यावरची निळी रेघ चढली आणि भालचंद्रराव हसले. तेच ते हसू. त्याला भुलून त्यांनी इतके महिने काढले होते.

"अहो," शशीबाई म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी प्रश्न विचारलाच नाही. उत्तरच सांगत आले. दुखलं नाही ना, म्हणायची. तुम्ही बिचारे काय सांगणार? आज विचारते. दुखलं की मला सांगायचं. शब्द नसेल तर ढकला. मारलंत तरी चालेल."

"झकास."

"नाही. ते उत्तर आज चालायचं नाही."

त्यांनी कोपर अंगालगत धरलं, मनगट बाहेर वळवलं. खालून निलोफरचा तळवा होता. लाल रेघ हलली. निळी तिच्या वर उडाली. भालचंद्ररावांच्या कपाळाची शीर तटतटली आणि ते हसतच राहिले. शशीबाईंनी हात सोडून दिला.

"हे हसू माझ्यासाठी काढता ना? शशीला वाईट वाटेल म्हणून? एवढी मरमर करते, तिला कशाला सांगा म्हणून?" त्या पुढं वाकल्या. "नको मला ते! ऐका माझं. तुम्ही असेच हसत राहिलात ना, तर हे लोक तुम्हाला माझ्यापासून घेऊन जातील. मी घरी एकटी काय करू? ओरडा हो माझ्यावर. एकदा तरी ओरडा!"

त्यांनी पुन्हा मनगट धरलं आणि हळूच वळवलं. भालचंद्ररावांचे ओठ थरथरले. हसू एका कोपऱ्यातून ढासळलं. त्यांनी ते सावरायचा प्रयत्न केला, ते पुन्हा ढासळलं. आणि मग एकदम त्यांचा डावा हात आला, शशीबाईंच्या मनगटावर फाडकन बसला, आणि निम्म्या गावाला पाठ असलेल्या त्या आवाजात ते ओरडले, "आई आई आई गं!"

झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून फुटलेला हा पहिलाच नवा शब्द. मनगटावर पाच बोटं उमटली होती, आणि शशीबाई रडता रडता हसत होत्या.

"सर," निलोफर म्हणाली, "पडद्याकडे बघा."

निळी रेघ खाली आली होती. शशीबाई अजून समोरच बसल्या होत्या, हात अजून त्यांच्याच हातात होता, आणि रेघ सपाट.

डॉक्टर चौगुले पडद्याकडे वळले. "यंत्राला एवढंच कळलं की हा माणूस स्वतःला आवरतोय," ते म्हणाले. "कशासाठी आवरतोय, ते आम्ही आमच्या मनानं लिहिलं. ज्याची धास्ती असते, त्याला कुणी अशी चापट मारत नाही." त्यांनी समोरच्या कळफलकावर काहीतरी खोडलं. "घरी न्या यांना. निलोफर आठवड्याला येऊन बघत जाईल."

पडद्यावर केतकी नाक पुसत होती. "बाबा," ती म्हणाली, "अजून दोन मारा तिला." सगळे हसले.

भालचंद्ररावांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं शशीबाईंचा हात पकडला, ओढून आपल्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि भुवया आक्रसल्या. "आई गं," ते हळू म्हणाले.

"इथं दुखतं? हो, ते कळलं."

तेवढंच नाही, अशी त्यांनी मान हलवली आणि तोच हात मानेच्या शिरेवर नेला. मग उसवलेल्या हाताच्या दंडावर. मग कोपरावर, जिथं झोपताना उशी टोचत असावी. मग लुळ्या बाजूच्या कमरेवर. एवढ्या महिन्यांचं सगळं साठलेलं होतं, आणि ते एकेक करून बाहेर काढत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसायचंही भान नव्हतं. डॉक्टरांचा पुढचा रुग्ण बाहेर खोळंबला होता. निलोफरनं जाऊन हळूच दार लोटून घेतलं.

शशीबाई स्टूल आणखी पुढं ओढून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आणि कुठं?"